चुकलेल्या उत्तरांची साक्ष

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलेल्या परीक्षकास एक अनुभव केव्हा ना केव्हा येतोच. इतिहासाच्या पेपरात शंभरांपैकी ऐंशी मुलांनी उठावाचे साल १८५७ असे बिनचूक लिहिलेले असते आणि त्या ऐंशी जणांच्या उत्तरांतील साम्याकडे त्याचे लक्षही जात नाही. परंतु एका मुलाने १५८७ असे लिहिलेले आढळले, आणि दोन-चार पत्रिका उलटल्यावर पुन्हा तेच १५८७ पुढे आले, की त्याचा हात थबकतो, तपासून बाजूला ठेवलेल्या पत्रिकांतून तो आधीची पत्रिका शोधून काढतो, आणि दोन्हींवरील बैठक क्रमांक शेजारशेजारचे आहेत की काय हे पाहिल्यावाचून त्याला पुढे जाववत नाही. बरोबर उत्तर हे सर्वांचे सामाईक असते. ते एकाने पाठांतराने मिळविले, दुसऱ्याने तर्काने आणि तिसऱ्याने शेजाऱ्याच्या पत्रिकेतून उचलले, तरी तिघांचेही उत्तर दिसावयास एकच. चूक मात्र ज्याची त्याची असते, आणि म्हणूनच दोघांची चूक एक निघाली की ती काहीतरी सांगू लागते. परीक्षेतील गैरप्रकार आकडेमोडीने हुडकून काढण्याचे जे शास्त्र गेल्या शतकभरात, विशेषतः अमेरिकेत, उभे राहिले, त्याचे बीज परीक्षकाच्या या थबकण्यात आहे.

अमेरिकेत या शास्त्राची गरज लवकर भासली याचे कारण तेथील परीक्षेचे स्वरूप. सर्वांना प्रश्न एकच, वेळ एकच, सूचना एकच, आणि उत्तर म्हणजे दिलेल्या चार-पाच पर्यायांपैकी एकाचे वर्तुळ पेन्सिलीने काळे करणे, अशा प्रमाणित परीक्षांचा तेथे विसाव्या शतकात एवढा प्रसार झाला की महाविद्यालयीन प्रवेशापासून प्राथमिक शाळांच्या प्रतवारीपर्यंत अनेक निर्णय त्यांच्या आधारे होऊ लागले. अशा पत्रिकेत हस्ताक्षर नसते, शाईचा रंग नसतो, वाक्याची ठेवण नसते. मानवी परीक्षकाच्या नजरेस धरावयास जे जे सापडे ते ते सर्व नाहीसे होऊन मागे उरते ती केवळ अक्षरांची एक रांग. परंतु ही रांग मोजता येते, एकीशी दुसरी ताडून पाहता येते, आणि लाखो रांगांच्या गर्दीत एखादी रांग किती विलक्षण आहे याचा हिशेब करता येतो. चार्ल्स बर्ड या मानसशास्त्रज्ञाने १९२७ सालीच असा विचार मांडला होता की, ज्या दोघांवर संशय आहे त्यांच्या समान चुका मोजाव्यात, यदृच्छेने निवडलेल्या इतर जोड्यांत अशा चुका साधारण किती आढळतात हेही मोजावे, आणि मग दोहोंतील तफावत पाहावी. पुढे जे काही झाले ते बहुतांशी याच विचाराचे परिष्करण होय.

विचार साधा दिसतो, पण त्यात पाऊल टाकताच पाय कसा घसरतो हे एका छोट्या हिशेबाने ध्यानात येईल. समजा, प्रत्येक प्रश्नास चार पर्याय आहेत, त्यांतील तीन चुकीचे. आणि दोन विद्यार्थ्यांचे नेमके तेच दहा प्रश्न चुकले आहेत. तिन्ही चुकीचे पर्याय सारखेच मोहक असतील, तर एखाद्या प्रश्नात दोघांनी योगायोगाने तोच चुकीचा पर्याय निवडण्याची संभाव्यता एक-तृतीयांश. दहाही प्रश्नांत तसे घडण्याची संभाव्यता ५९,०४९ मध्ये एक. एवढा आकडा पाहिल्यावर कोणीही दोघांना दोषी ठरवून मोकळा होईल. परंतु प्रश्न तयार करणारा मनुष्य चुकीचे पर्याय सारखे मोहक कधीच ठेवीत नाही. अर्धवट समजलेल्या मुलाने जेथे हमखास पडावे असा एक खड्डा तो बहुधा खणून ठेवतो, आणि चुकणाऱ्यांपैकी बहुतेक त्यातच पडतात. समजा, चुकणाऱ्या शंभरांपैकी साठ जण त्या एका पर्यायाकडे जातात व उरलेल्या दोहोंकडे वीस-वीस. तर एका प्रश्नात चूक जुळण्याची संभाव्यता एक-तृतीयांशावरून ०.४४ वर जाते, आणि दहाही जुळण्याची संभाव्यता सुमारे ३,६७७ मध्ये एक एवढी होते. पत्रिका त्याच, विद्यार्थी तेच, चुकाही त्याच. केवळ चुकीच्या पर्यायांविषयीचे गृहीत बदलले आणि पुराव्याचे वजन सोळा पटींनी घटले.

यास्तव या शास्त्रातील खरी मेहनत जुळणी मोजण्यात नसून, ‘निर्दोष मनुष्यांत जुळणी किती असावी’ हे ठरविण्यात आहे. त्यासाठी जी युक्ती योजली गेली ती मला फार विचक्षण वाटते. एक विद्यार्थी एका शहरातील केंद्रावर व दुसरा शेकडो मैलांवरील दुसऱ्या केंद्रावर, अशा जोड्या घ्याव्यात. त्यांनी परस्परांचे पाहून लिहिणे अशक्यच असल्यामुळे त्यांच्या समान चुका म्हणजे शुद्ध योगायोगाचे माप झाले. या मापाशी मग एकाच खोलीत, पुढे-मागे बसलेल्या संशयित जोडीची तुलना करावी. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेतील विल्यम अँगॉफ यांनी १९७४ साली अशा अनेक निर्देशांकांची पारख करून पाहिली. पुढे त्याच संस्थेत ‘के-निर्देशांक’ वापरात आला, ज्याचे विवेचन पॉल हॉलंड यांनी १९९६ साली प्रसिद्ध केले. त्याची रीत अशी की, ज्याने पाहून लिहिले असा संशय आहे त्याच्याइतकेच प्रश्न चुकलेले सर्व विद्यार्थी एकत्र करावयाचे आणि त्यांच्या चुका मूळ पत्रिकेच्या चुकांशी किती जुळतात ते पाहून, संशयिताची जुळणी त्या पार्श्वभूमीवर कितपत असाधारण ठरते हे काढावयाचे. नंतरच्या पद्धतींनी बरोबर उत्तरांचाही हिशेब धरला, प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी व प्रत्येक विद्यार्थ्याची कुवत यांतून प्रत्येक उत्तराची संभाव्यता काढली. त्या गणिताच्या खोलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

घसरण्याचे दुसरे ठिकाण याहून फसवे आहे. पाचशे विद्यार्थी परीक्षेस बसले तर त्यांच्या जोड्या होतात १,२४,७५०. ‘दहा हजारांत एक’ अशी दुर्मिळ जुळणी मिळाली म्हणून आपण हर्षभरित व्हावे, तर केवळ योगायोगानेच अशा बारा जोड्या त्या गर्दीत निघावयास हव्यात! विशिष्ट दोघांवर पर्यवेक्षकाने परीक्षेच्या वेळीच संशय घेतला, आणि मग त्यांच्या पत्रिका तपासल्या असता जुळणी निघाली, ही एक गोष्ट. आणि कोणावरही संशय नसता यंत्राने सर्व जोड्या चाळून सर्वांत जास्त जुळणारी जोडी वर काढली, ही अगदी वेगळी गोष्ट. आकडा एकच असला तरी दोन्ही ठिकाणी त्याची किंमत एक नाही. समुद्रकिनाऱ्यावर वाटेल तेवढा वेळ हिंडून हुबेहूब सारखे दोन शिंपले शोधून आणावेत आणि ते एकाच साच्यातून निघाले असे म्हणावे, त्यातला हा प्रकार होतो.

आपल्याकडे २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेवरून जो क्षोभ उसळला, त्यात या शास्त्राची दुसरी एक मर्यादा सर्व देशासमोर आली. तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी, त्यांतील ६७ जणांना प्रथम ७२० पैकी ७२० गुण, प्रश्नपत्रिका फुटल्याच्या फिर्यादी, आणि फेरपरीक्षेची मागणी. मद्रासच्या आय.आय.टी.ने गुणांच्या आकडेवारीचे विश्लेषण करून असा निर्वाळा दिला की, गुणांचे वितरण मोठ्या परीक्षेत अपेक्षित असते तसेच घंटाकृती आहे आणि सार्वत्रिक गैरप्रकाराचे चिन्ह त्यात नाही. हजारीबाग व पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटली होती याबद्दल मात्र वाद नव्हता, आणि तिचा लाभ घेतलेले १५५ विद्यार्थी तपासात पुढे आले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने २३ जुलै रोजी संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. पुष्कळांना यात विसंगती वाटली. वास्तविक विसंगती नाही. तेवीस लाखांत १५५ म्हणजे पंधरा हजारांत एक. एवढ्यांनी पूर्ण गुण चोरले तरी त्या विशाल घंटेची कड रेसभरही हलणार नाही. अशा आलेखावरून ‘सर्वत्र चोरी झाली नाही’ एवढे खात्रीने म्हणता येते, ‘कोठेच झाली नाही’ असे म्हणता येत नाही. आणि रात्र-रात्र जागून दोन वर्षे अभ्यास केलेल्या लातूरच्या किंवा नांदेडच्या मुलीला त्या दोन विधानांतील अंतर समजावून सांगणे हे संख्याशास्त्रज्ञाचे कर्तव्य आहे, कारण तिच्यासारखीचे सर्वस्व त्या अंतरात अडकलेले असते.

चूक जुळली म्हणजे चोरी सिद्ध झाली काय, हा प्रश्न अमेरिकेत १९८२ साली एका शाळेच्या निमित्ताने फार तीव्रतेने विचारला गेला. लॉस एंजलीसच्या पूर्व भागात गारफील्ड हायस्कूल नावाची शाळा आहे. वस्ती गरीब, बहुतांशी मेक्सिकन वंशाची. आणि तेथे बोलिव्हियातून आलेले हाइमे एस्कालान्ते नावाचे गणिताचे शिक्षक कलनशास्त्र शिकवीत. त्या वर्षी त्यांचे अठरा विद्यार्थी प्रगत पातळीच्या कलनशास्त्राच्या परीक्षेस बसले आणि सर्व उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेस त्यांतील चौदा पत्रिकांत विलक्षण साम्य आढळले, चुकांतही साम्य, आणि त्यांचे गुण रोखून धरण्यात आले. पालकांचा व शाळेचा संताप समजण्याजोगा होता: श्रीमंत उपनगरातल्या मुलांच्या पत्रिका अशा जुळल्या असत्या तर हाच संशय आला असता काय, असा त्यांचा प्रश्न होता. अखेर चौदांपैकी बारा जणांनी पुन्हा परीक्षा देण्याचे मान्य केले, ती दिली, आणि बाराही जण उत्तीर्ण झाले.

या हकीगतीवर पुढे चित्रपट निघाला आणि ती घरोघर पोहोचली. परंतु तिच्यातून निघणारा बोध जितका सरळ सांगितला जातो तितका तो सरळ नाही. त्या मुलांना कलनशास्त्र येत होते, हे फेरपरीक्षेने निर्विवाद सिद्ध केले. पहिल्या दिवशी त्या खोलीत काय घडले, या प्रश्नाचे उत्तर फेरपरीक्षेपाशी नव्हतेच आणि आकड्यांपाशीही नव्हते. एकाच शिक्षकाने, एकाच फळ्यावर, एकाच रीतीने शिकविलेल्या मुलांच्या चुकाही एका वळणाच्या असतात, हे शिकवणीच्या वर्गात एकदा जाऊन बसलेल्या कोणासही ठाऊक असते. दूरच्या केंद्रांवरील जोड्यांवरून काढलेले योगायोगाचे माप अशा मुलांना जसेच्या तसे लावणे म्हणजे एका गावच्या लोकांची बोली सारखी निघाली म्हणून त्यांनी संगनमत केले असे म्हणण्यासारखे होय. परीक्षा घेणाऱ्या त्या संस्थेची रीत अशी की, गुणांच्या सत्यतेविषयी शंका आहे एवढेच ती विद्यार्थ्यास कळवते, आणि कैफियत देणे, पुन्हा परीक्षेस बसणे किंवा गुण रद्द करून घेणे असे मार्ग त्याच्यापुढे ठेवते; ‘तू चोरी केलीस’ असे म्हणत नाही. ही सावधगिरी कोणास वकिली थाटाची वाटेल. मला ती गणिताशी प्रामाणिक वाटते, कारण गणितास तेवढेच म्हणता येते.

येथवर आपण विद्यार्थ्यांविषयी बोललो. परंतु परीक्षेच्या गुणांवर मुलाचे जेवढे अवलंबून असते तेवढेच, किंबहुना त्याहून अधिक, शिक्षकाचे व शाळेचे अवलंबून राहू लागले, की पेन्सिलीचा मागचा रबर दुसऱ्याच हातांत जातो.

जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात जे घडले ते याचे सर्वांत मोठे उदाहरण. तेथील प्राथमिक व माध्यमिक मुलांची दरवर्षी राज्याची चाचणी होई, आणि शाळेचे लक्ष्य पुरे झाले की नाही यावर मुख्याध्यापकांचे स्थान व शाळेची प्रतिष्ठा ठरत असे. अटलांटाचे आकडे वर्षानुवर्षे चढत होते. शहराच्या शाळांच्या अधीक्षिका बेव्हर्ली हॉल यांना २००९ साली राष्ट्रातील सर्वोत्तम शाळा-अधीक्षक म्हणून गौरविण्यात आले. त्याच वर्षीच्या उत्तरपत्रिका राज्याने खाडाखोडीच्या दृष्टीने तपासून घेतल्या. वर्तुळ पुसले तरी कागदावर पेन्सिलीची फिकट छाया राहतेच. पत्रिका वाचणारे यंत्र गडद खूण हे उत्तर म्हणून घेते, आणि फिकट छाया कोठे आहे हेही त्यास वेगळे टिपता येते. मग प्रत्येक पत्रिकेत अशा किती जागा आहेत जेथे आधी चुकीचे वर्तुळ काळे केलेले होते, ते पुसले गेले, आणि बरोबर वर्तुळ काळे झाले, एवढेच मोजावयाचे.

मूल खाडाखोड करतेच. कधी विचार बदलतो, कधी एक ओळ चुकून सोडली गेल्याने पुढची सगळी वर्तुळे एक घर सरकतात आणि ती सारी पुसावी लागतात; अशा एखाद्या पत्रिकेत चुकीवरून बरोबरकडे गेलेल्या दहा-बारा खुणा निर्दोषपणे निघू शकतात. परंतु पंचवीस मुलांचा वर्ग घेतला, की असे अपघात परस्परांत मिसळून वर्गाची सरासरी राज्याच्या सरासरीच्या आसपास येते. सरासरीपासून नेहमीची चढउतार किती असते याचे जे माप, त्यास प्रमाण विचलन म्हणतात. वर्ग जितका मोठा तितकी त्याच्या सरासरीची चढउतार कमी, आणि पंचवीस मुलांच्या वर्गात ती एकट्या मुलाच्या चढउतारीच्या पाचव्या हिश्शाएवढीच. राज्याने मर्यादा ठेवली तीन प्रमाण विचलनांची. केवळ योगायोगाने तिच्या वर जाणारे वर्ग हजारांत एखाद-दुसरेच असावेत. अटलांटातील काही वर्गांचा आकडा तीन नव्हता, चार नव्हता, तो वीस ते पन्नासपर्यंत गेलेला होता. योगायोग या शब्दाचा तेथे काही अर्थच उरत नाही.

तरीही, आणि हे महत्त्वाचे, त्या आकड्यांवर कोणासही शिक्षा झाली नाही. राज्यपालांनी चौकशी नेमली. तपास अधिकाऱ्यांनी दोन हजारांहून अधिक जबान्या घेतल्या, दप्तरे चाळली. जुलै २०११ च्या अहवालात तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार झाल्याचे, १७८ शिक्षक व मुख्याध्यापक त्यात गुंतल्याचे, आणि त्यांपैकी ८२ जणांनी कबुली दिल्याचे नमूद झाले. रबर कोणी चालविला हे यंत्राने सांगितले नव्हते. त्याने फक्त कोणत्या दारावर थाप मारावी ते सांगितले. २०१३ साली पस्तीस जणांवर आरोपपत्र ठेवले गेले, आणि १ एप्रिल २०१५ रोजी खटला चाललेल्या बारांपैकी अकरा जण दोषी ठरले. बेव्हर्ली हॉल यांनी आरोप शेवटपर्यंत नाकारला. त्यांचा खटला उभा राहण्यापूर्वीच त्या निवर्तल्या.

या साऱ्या गदारोळात ज्यांचे सर्वाधिक नुकसान झाले ते कोर्टात कोठेच उभे नव्हते. ज्या मुलास वाचता येत नव्हते त्याच्या पत्रिकेवर ‘येते’ असा शिक्का बसला, आणि तो बसताच त्याला जादा शिकवणी मिळण्याचा हक्क संपला. त्याने चोरी केली नव्हती. त्याच्या नावाने चोरी केली गेली होती, आणि चोरीला गेले होते ते त्याचेच शिक्षण. ज्या मुलांच्या पत्रिका अशा बदलल्या गेल्या ती मुले पुढच्या वर्षांत वाचन व भाषा या विषयांत मागे पडल्याचे जॉर्जिया स्टेट विद्यापीठातील अभ्यासात दिसून आले. अमुक इतके विचलन, तमुक इतकी संभाव्यता, हे आकडे वाचताना मला त्या मुलाचे विस्मरण होऊ नये असे वाटते.

परंतु त्याच कळकळीने दुसऱ्या बाजूचाही विचार करावयास हवा. समजा, हजार वर्गांपैकी चाळीस वर्गांत खरोखर गैरप्रकार झाला आहे. आपली कसोटी त्यांतील ऐंशी टक्के पकडते, आणि निर्दोष वर्गांपैकी फक्त एक टक्का चुकून संशयित ठरविते. एवढी चांगली कसोटी सहसा मिळत नाही. तिने पकडलेले दोषी वर्ग बत्तीस, आणि ९६० निर्दोष वर्गांपैकी संशयित ठरलेले सुमारे दहा. म्हणजे बेचाळिसांच्या यादीतील जवळजवळ चौथा हिस्सा निरपराध माणसांचा! ‘निर्दोष वर्गात असे चिन्ह दिसण्याची शक्यता शंभरात एक’ या वाक्याचा ‘हा शिक्षक निर्दोष असण्याची शक्यता शंभरात एक’ असा अर्थ लावणे ही चूक सुशिक्षित माणसे, वकील आणि अधिकारीही नित्य करतात. यावर उपाय एकच: पहिल्या चिन्हाशी ज्याचा संबंध नाही असे दुसरे चिन्ह शोधावयाचे, आणि दोन्ही एके ठिकाणी आली तरच पुढे पाऊल टाकावयाचे.

हे सर्वांत नेटकेपणाने केले ते शिकागोत. अर्थशास्त्रज्ञ ब्रायन जेकब व स्टीव्हन लेविट यांनी तेथील सार्वजनिक शाळांतील मुलांच्या १९९३ ते २००० या काळातील चाचण्यांच्या उत्तरांची प्रश्नागणिक नोंद मिळविली. १९९६ पासून तेथे असा हुकूम लागू झाला होता की, वाचनात राष्ट्रीय प्रमाणास पोहोचणारी मुले पंधरा टक्क्यांहून कमी असतील तर शाळा परिवीक्षेखाली जाईल, आणि तिसरी, सहावी व आठवीच्या मुलांना ठरावीक गुणांवाचून वर चढविले जाणार नाही. या दोघांनी विचार केला तो असा की, मुलांनी पत्रिका दिल्यानंतर एखाद्या शिक्षकास थोडाच वेळ हाती असता तो काय करील? तो प्रत्येक पत्रिकेत ठिकठिकाणी एकेक उत्तर सुधारीत बसणार नाही. एक सलग तुकडा घेईल, त्याची उत्तरे मनात धरील, आणि पत्रिकेमागून पत्रिका तोच तुकडा भरीत जाईल. बहुधा तो तुकडा शेवटाकडचा असेल, कारण दुबळ्या मुलांनी तेथील जागा कोऱ्या सोडलेल्या असतात.

त्यांनी दाखविलेला सहाव्या इयत्तेचा एक वर्ग पाहण्यासारखा आहे. मुले बावीस. त्यांच्या उत्तरांच्या बावीस रांगा एकाखाली एक मांडल्या, की सुरुवातीस त्या अगदी विस्कळित दिसतात. एकाने अ, दुसऱ्याने क, तिसऱ्याने ब, जसा कोणताही सामान्य वर्ग असावा तशा. शेवटाकडे, जेथे प्रश्न अवघड होतात आणि विस्कळितपणा वाढावयास हवा, तेथे एकाएकी पंधरा रांगांत तीच सहा अक्षरे येतात: ड-अ-ड-ब-क-ब. सहाही उत्तरे बरोबर. पुढे पुन्हा विस्कळितपणा, पुन्हा कोऱ्या जागा. ज्या मुलास अवघड प्रश्न दहांत चार वेळा जमतो त्यास असे सलग सहा जमण्याची संभाव्यता २४४ मध्ये एक. आणि ती एकाच जागी, एकाच वर्गातल्या पंधरा जणांना साधली असे मानावे लागते. सोपे प्रश्न चुकतात आणि अवघड साधतात, हेही अनेक रांगांत दिसते.

हे झाले पहिले चिन्ह. दुसरे चिन्ह या पत्रिकांत नाहीच. ते मागच्या व पुढच्या वर्षाच्या पत्रिकांत आहे. या चाचणीत गुण इयत्तेच्या भाषेत दिले जातात, ४.१ म्हणजे चौथीच्या पहिल्या महिन्यातील मुलाची पातळी. याच वर्गाची सरासरी पाचवीत असताना ४.१ होती, सहावीत ती ५.८ झाली, आणि सातवीत गेल्यावर ५.५. एका मुलाचे आकडे अधिकच बोलके आहेत: ३.०, मग ६.५, मग ५.१. चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली वर्ग एकदम उंच चढू शकतो, याबद्दल शंका नको; पण शिकलेले ज्ञान उन्हाळ्याच्या सुट्टीत आटून जात नाही. वर्षभरात मूल पुढे जावयाचे, ते येथे मागे आले. उत्तरांत विलक्षण रांगा आणि गुणांत अशी चढण-उतरण ही दोन्ही चिन्हे ज्या वर्गांत एकत्र आली त्यांवरून या संशोधकांनी २००३ साली असे अनुमान प्रसिद्ध केले की, शिक्षकांकडून किंवा अधिकाऱ्यांकडून होणारा गंभीर गैरप्रकार प्रतिवर्षी निदान चार ते पाच टक्के वर्गांत घडतो.

आणि मग असे काही झाले जे संशोधकांच्या वाट्यास क्वचितच येते. शिकागोच्या शाळांचे प्रमुख आर्नी डंकन यांनी २००२ साली त्यांना बोलावून घेतले व सांगितले, तुमची पद्धत आमच्या चालू वर्षाच्या पत्रिकांवर चालवा, निवडक वर्गांची आम्ही फेरपरीक्षा घेतो. सुमारे १२० वर्ग निवडण्यात आले, परंतु सगळेच संशयित नव्हते, आणि माझ्या मते या प्रयोगाचे सारे मोल याच गोष्टीत आहे. काही वर्ग असे की ज्यांत दोन्ही चिन्हे होती. काही असे की ज्यांचे गुण तेवढेच उंच उडाले होते, पण उत्तरांच्या रांगा निर्मळ होत्या. आणि काही कोणत्याही निकषावाचून, यदृच्छेने उचललेले. आपण यांपैकी कोणत्या गटात आहोत हे वर्गांस कळू दिले नाही. मूळ परीक्षेनंतर काही आठवड्यांतच, बाहेरच्या माणसांच्या देखरेखीखाली मुलांनी पुन्हा पेपर सोडविला, आणि वर्गशिक्षकास उत्तरपत्रिकांना हात लावू दिला नाही.

संशयित वर्गांचे वाचनाचे गुण इयत्तेच्या मापाने एका वर्षाहूनही अधिक कोसळले. काही शिक्षकांवर पुढे कारवाई झाली. यदृच्छेने उचललेल्या वर्गांत विशेष फरक पडला नाही. राहिले ते मधले वर्ग, ज्यांचे गुण संशयितांइतकेच अविश्वसनीय वाटावेत असे चढले होते, आणि केवळ गुणांवरून निवाडा केला असता तर ज्यांचे शिक्षक त्याच यादीत जाऊन बसले असते. परक्या पर्यवेक्षकांसमोर, कोणी मदतीस नसता, त्या मुलांनी पेपर पुन्हा सोडविला, आणि त्यांचे गुण होते तेथेच राहिले.